अनुदान संपलं तरी जागा सुटत नाही

"उद्यानासाठी, मोकळी ठेवायला म्हणून सरकारी अनुदानातून घेतलेली जागा गाव उद्या बिल्डरला विकणार नाही कशावरून?" असं कुणी विचारलं, तर तो प्रश्न अगदी रास्त आहे. आमच्या न्यू जर्सीत, म्हणजे अमेरिकेतल्या या राज्यात, उद्यानं आणि मोकळ्या जागा राखण्यासाठी १९६१ पासून 'ग्रीन एकर्स' योजना आहे. तिच्यातून गावांना, काउंटींना (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांना) जमीन घ्यायला अनुदान आणि स्वस्त कर्ज मिळतं; त्यासाठीचा पैसा बराच काळ मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांतून यायचा. खरी ताकद अटीत आहे. पैसा घेतला की नुसती तीच जागा नाही, गावाकडे तेव्हा असलेली इतर उद्यानं आणि मोकळ्या जागाही त्या अटीखाली येतात, तशाच राखाव्या लागतात. वापर बदलायचा तर राज्याची परवानगी हवी, बदल्यात जमीन किंवा भरपाई द्यावी लागते. आमच्या घरामागच्या ओढ्याकाठी मार्चमध्ये तिन्हीसांजेला बेडूक असे ओरडतात की फोनवर आईलाही ऐकू जातं. अशा ओलसर जागा एकदा बुजवल्या की परत मिळत नाहीत हो!