शरद जोशी आणि 'कमीत कमी सरकार': मदत हवी आहे

मंडळी, अभ्यासमंडळात शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांच्या खुल्या व्यवस्थेच्या, म्हणजे शेती-बाजारात सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी असावा या विचारावर बोलायचंय. राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) आणि मिनू मसानींचा १९५९चा खुल्या बाजाराचा पुरस्कार करणारा स्वतंत्र पक्ष, मग जोशींचा १९९४चा स्वतंत्र भारत पक्ष, इथवर ठीक. १९५५चा जीवनावश्यक वस्तू कायदा आणि संविधानाच्या नवव्या परिशिष्टातला (कायद्यांना न्यायालयीन आव्हानापासून संरक्षण देण्यासाठी केलेली यादी) कमाल जमीनधारणेचा कायदा शेतकऱ्याचे हात कसे बांधतात, तेही पटतं. कांद्याला जरा भाव आला की साठ्यावर मर्यादा आलीच! प्रश्न पुढचा आहे. सरकारने अंग काढून घेतलं तर कालव्याचं पाणी कोणी वाटायचं? दुष्काळात चारा छावण्या कोणी उघडायच्या? यावर जोशींनी स्वतः कुठे लिहिलंय का? शेतकरी संघटनेत काम केलेल्यांनी जरूर सांगा. 'बाजार बघून घेईल' एवढंच उत्तर नको. आमच्या मंडळातले जुने समाजवादी काका तिथेच पकडतील.