मदत हवी आहे : लाकूडकामासाठी ग्लू गन कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी,

मी इंदूरचा. सुट्टीत गच्चीवर हौसेचं सुतारकाम चालतं. सध्या गणपतीचं मखर हाती घेतलंय : १२ मिमी प्लायची चौकट, गोल लाकडी खांब आणि खांबांवर सागवानाच्या बारीक उभ्या पट्ट्या. चौकट स्क्रू-फेव्हिकॉलवर उभी राहील. घोडं अडलंय पट्ट्यांपाशी. फेव्हिकॉल लावून ठेवली की पट्टी घसरते, गोल खांबावर शिकंजा बसत नाही आणि खिळा मारला की पट्टी चिरते.

म्हणून गोंदाची कांडी वितळवून सोडणाऱ्या ग्लू गनची इथल्या सियागंज बाजारात चौकशी केली. एकाने २० वॅटची, ७ मिमी कांडीची गन पुढे केली, "क्राफ्टवाले सब यही ले जाते हैं." शेजारच्या दुकानात ११ मिमीच्या दोन होत्या, ६० आणि १०० वॅटच्या. शंभरवालीला तापमानाचं चाक आहे, पण किंमत ऐकून हात आखडला.

तर ६० वॅट पुरेल का? पिवळसर कांडी पांढरीपेक्षा खरंच मजबूत असते, की नुसता रंग? आणि मखर वर्षभर पत्र्याखालच्या माळ्यावर राहणार. मे महिन्यात तिथे पाय ठेववत नाही. गोंद टिकेल?

प्रतिसाद १

२० वॅटची घेऊ नका. ती कागदकामाला ठीक. गरम गोंद अर्ध्या-पाऊण मिनिटात थिजतो आणि छोटी गन इतकी सावकाश ओकते की दुसरं टोक गाठेपर्यंत पहिलं गार. ११ मिमी, ६० वॅट तुम्हाला भरपूर. शंभर वॅट दिवसभर काम करणाऱ्यांसाठी. रंगावर जाऊ नका, पाकिटावर लाकडासाठी असं लिहिलंय का ते बघा.

माळ्याचं म्हणाल तर साध्या कांडीचा गोंद वितळायच्या बराच आधी मऊ पडतो आणि वजन असेल तर हळूहळू सरकतो. म्हणून पट्टी त्याच्या भरवशावर सोडूच नका. मधे फेव्हिकॉल, दोन्ही टोकांना गरम गोंदाचा एकेक थेंब, आणि लगेच दाबून धरा. थेंबाने फक्त शिकंज्याचं काम करायचं, खरा जोड रात्रभरात फेव्हिकॉल करतो. टोकाशी मागच्या बाजूला पटाशीने उथळ खाच घ्या, नाहीतर थेंबाच्या जाडीने पट्टी उचललेली दिसते.

बाहेर आलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुटतो. मात्र लाखेचं पॉलिश झालेलं असेल तर तेही सोबत निघेल, सांभाळा.

धागाकर्ता

खाचेची युक्ती झकास! ६० वॅटची घेतो. मग पॉलिश आधी की पट्ट्या?

प्रतिसाद १

पट्ट्या. पॉलिशवर फेव्हिकॉल धरत नाही.