मदत हवी आहे : जुना प्रोजेक्ट पुढे चालवणाऱ्या मुलांना गुण कसे द्यावेत?

नमस्कार मंडळी,

मी एका जिल्ह्याच्या गावी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. टीई कॉम्प्युटरचा (अभियांत्रिकीचं तिसरं वर्ष) सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हा विषय गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. इथे आयटीत काम करणारे बरेच जण आहेत, शिकवणारेही आहेत, म्हणून विचारते. जरा सविस्तर लिहावं लागेल.

आधी आमच्याकडे सगळीकडे चालतं तेच चालायचं. चार जणांचा गट, ग्रंथालय नाहीतर हॉस्टेलची मेस असा विषय, एसआरएस (सॉफ्टवेअरकडून काय काय हवं त्याचा दस्तऐवज) वरच्या वर्गाच्या फाईलमधून उतरवलेला, यूएमएलच्या (सॉफ्टवेअरची रचना दाखवणाऱ्या) आकृत्या सबमिशनच्या आदल्या रात्री. ओरल झाली की फोल्डर डिलीट. मी फळ्यावर वॉटरफॉल, म्हणजे आधी गरजा, मग आराखडा, मग कोड, शेवटी चाचणी अशी पायरीपायरीने उतरणारी पद्धत, काढायचे तेव्हा मुलं मान डोलवायची. या पद्धतीवरचा विन्स्टन रॉइस यांचा १९७० चा मूळ निबंध मी फार उशिरा वाचला. ती सरळ उतरती आकृती दाखवून लगेच ते सांगतात, की असं केलंत तर धोका आहे, चाचणी शेवटी येते आणि तिथे चूक निघाली की पार मागे जावं लागतं. आता ते पान मी वर्गात वाचून घेते.

मागच्या वर्षी मी नवे प्रोजेक्ट बंद केले. आधीच्या बॅचचं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर घ्यायचं आणि आमच्या ग्रंथपाल बाईंच्या अडचणी त्यात सोडवून द्यायच्या, एवढंच काम. पहिले तीन आठवडे ते चालूच होईना. डेटाबेसचा पासवर्ड थेट कोडमध्ये लिहिलेला, तोही पास होऊन गेलेल्या मुलाच्या लॅपटॉपवरचा. "मॅडम, नवीन लिहिलं तर लवकर होईल," असं जवळजवळ प्रत्येक गट येऊन सांगून गेला. मी नाही म्हटलं.

मग बाईंची एक तक्रार दोन मुलांनी घेतली. "वऱ्हाड" असं शोधलं की काही पुस्तकं सापडत नाहीत, कपाटात मात्र आहेत. दोन आठवडे ती मुलं त्याच्या मागे होती. शेवटी कळलं, की यातला ऱ नोंदींमध्ये तीन तऱ्हेने टाइप झालेला आहे. काही ठिकाणी युनिकोडमधलं (संगणकात अक्षरं साठवायची प्रमाण पद्धत) ऱ हे एकच अक्षर, काही ठिकाणी साधा र आणि खाली नुक्ता (टिंब), आणि जुन्या नोंदींत र, हलन्त आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पहिले दोन नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची ठरलेली रीत) एक होतात, तिसरा होत नाही, तो वेगळा हाताळावा लागतो. मुलांनी तिन्हींसाठी टेस्ट (कोड नीट चालतो का ते आपोआप तपासणारे छोटे प्रोग्रॅम) लिहिल्या, मग दुरुस्ती केली. बदल एकूण अकरा ओळींचा! बाईंना पुस्तकं सापडायला लागली.

ओरलला एक्स्टर्नल (बाहेरून आलेल्या परीक्षक) सरांनी विचारलं, "यात नवीन काय केलंत?" दोघांना कमी गुण मिळाले. रंगीत डॅशबोर्ड करणाऱ्या गटाला जवळजवळ पैकीच्या पैकी. हे मला फार लागलं. आपण योग्य काम करायला लावलं आणि त्याचीच शिक्षा मुलांना झाली, असं वाटतं.

टर्म वर्कचे (वर्षभराच्या कामाचे) गुण माझ्या हातात आहेत, पण तिथेही चौघांपैकी कोणी किती केलं ते ठरवता येत नाही. गिटमधले (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) कमिट, म्हणजे कोणी किती वेळा बदल नोंदवले ते, मोजून पाहिले, ते पटलं नाही. शिवाय लॅबमध्ये इंटरनेट भरवशाचं नाही आणि वर्गात ७२ मुलं आहेत. कोणी असं काही राबवलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद :

ताई, मी पुण्यात १५ वर्षं एकाच जुन्या सिस्टिमवर काम करतोय. तुमच्या त्या दोन मुलांनी जे केलं तेच आमचं रोजचं काम आहे. एक सुचवतो. बदल करण्याआधी प्रत्येक गटाकडून आजचं वागणं पकडणाऱ्या टेस्ट लिहून घ्या. कोड बरोबर की चूक ते नंतर, आधी तो आत्ता काय करतो ते नोंदवायचं. आणि एरियान ५ या रॉकेटची गोष्ट जरूर शिकवा. ४ जून १९९६ ला पहिल्याच उड्डाणात सुमारे ३७ सेकंदांनी गणित कोलमडलं, कारण एरियान ४ चा कोड तसाच पुढे आणला होता. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही. जुन्या रॉकेटवर तोच कोड नीट चालला होता. जुना कोड घेताना त्याची जुनी गृहीतकं तपासायची, हे मुलांना यावरून पटकन कळतं.

प्रतिसाद :

मॅडम, मीही शिकवतो. कमिट मोजू नका. गिटमध्ये लेखकाचं नाव सेटिंगमधून येतं, तिथे कोणीही कोणाचंही नाव घालू शकतो. आमच्या लॅबमध्ये तर एका मशीनवर बसलेल्या सगळ्यांचे कमिट एकाच्याच नावावर पडायचे. मी ओरलला मुलाला मशीनसमोर बसवतो आणि दहा मिनिटांत एक छोटा बदल करायला सांगतो, उदाहरणार्थ सुट्टीच्या दिवसाचा दंड धरू नका. तो त्याने न लिहिलेल्या फाईलमध्ये. ज्याने काम केलंय तो निदान योग्य जागी पोचतो. इंटरनेटचं म्हणाल तर गिटला ते लागतच नाही. लॅबमधल्या एका मशीनवर बेअर रिपॉझिटरी (सगळ्यांचे बदल जमा होणारा सामायिक साठा) करा, बाकीची मशीन लॅनवरून, म्हणजे लॅबच्या आतल्या नेटवर्कवरून, जोडा.

धागाकर्ती :

दोघांचेही मनापासून आभार. लॅनचं डोक्यातच आलं नव्हतं, सोमवारीच लॅब असिस्टंटना सांगते. पण ७२ मुलांना दहा-दहा मिनिटं म्हणजे बारा तास. आमच्याकडे ओरलला एवढा वेळ नसतो.

प्रतिसाद :

ओरलपर्यंत थांबूच नका. दर प्रॅक्टिकलला बॅचमधली दोन-तीन मुलं घ्या, सेमिस्टरभरात सगळी होतात. आणि एका गटाचा बदल दुसऱ्या गटाने वाचून शेरे लिहायचे, त्या शेऱ्यांना गुण ठेवा. नुसतं "छान आहे" लिहिलं तर शून्य. एक्स्टर्नलसाठी प्रत्येक गटाकडून एक पान घ्या. तक्रार काय होती, कारण कुठे सापडलं, आणखी काय बिघडू शकलं असतं. ते पान आधी हातात पडलं तर "नवीन काय" हा प्रश्न बहुतेक येत नाही.

धागाकर्ती :

हे जमेल. २४ ची बॅच आहे, दर आठवड्याला दोन मुलं घेतली तर बारा आठवड्यांत होतील. एक पानही करून घेते. आज ग्रंथपाल बाईंशी बोलले, ओरलच्या दिवशी अर्धा तास येऊन बसायला त्या तयार आहेत. त्या म्हणाल्या, "वऱ्हाडचं काय झालं होतं ते मीच सांगते सरांना." यंदाच्या मुलांसाठी त्यांनी नवी तक्रारही दिली आहे : लेखकाचं आडनाव आधी लिहिलं की तेच पुस्तक यादीत दोनदा दिसतं.