कॉलेजचा नियम आडवा आला तेव्हा (अनुभव धागा)

पिंपळपान :

चिरंजीव अमेरिकेत ओहायोत शिकतात, पदवीचं दुसरं वर्ष. गेला महिनाभर फोनवर 'हो, ठीक, जेवलो' यापलीकडे शब्द नाही. सेमिस्टरचा निकाल लागून गेला असणार हे नाशिकला बसूनही कळत होतं, पण आकडा काही बाहेर पडेना. शेवटी मीच युनिव्हर्सिटीला मेल टाकली. मी वडील, फी माझ्या खात्यातून जाते, सोबत पावत्या जोडल्या आहेत, मुलाचे मार्क कळवावेत. दोन दिवसांत अतिशय नम्र उत्तर आलं, की विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय काहीही सांगता येणार नाही. 'फेर्पा' नावाचा १९७४ चा कायदा आहे तिकडे. मूल शाळेत असेपर्यंत त्याच्या नोंदींवर हक्क आईबापांचा. ते १८ वर्षांचं झालं, किंवा त्याआधीच कॉलेजात गेलं, की तो हक्क त्याचा स्वतःचा.

राग आला, खोटं कशाला बोलू. त्या रागात त्यांची विद्यार्थी नियमपुस्तिका वाचून काढली. नोंदींची गोपनीयता एक पान, परीक्षेतला प्रामाणिकपणा अडीच पानं, आणि पार्किंग अकरा पानं! तर या तिन्हींबद्दल आपापले अनुभव लिहा. इकडचे, तिकडचे, ऑफिसच्या खिडकीच्या कुठल्याही बाजूचे. फक्त संस्थांची नावं टाळा, उगाच धागा उडायला नको.

जुनाखडू :

आमच्या वेळी गोपनीयता हा शब्द फक्त लष्कराबाबत ऐकला होता. तालुक्याच्या गावातलं कॉलेज. निकाल नावानिशी, मार्कांनिशी फलकावर डकवायचे. दुपारी चारला फलक, साडेचारला बाजारपेठेत बातमी. मी घरी पोचायच्या आत वाण्याने आईला सांगितलं होतं, "वहिनी, पोरगा गणितात गेला." पुढे मी त्याच कॉलेजात गणित शिकवलं ही गोष्ट वेगळी.

शिक्षक झाल्यावर दुसरी बाजू पाहिली. शेजाऱ्यापाजाऱ्यांना मार्क कळायचे, पण ज्याचे मार्क त्याला स्वतःचा पेपर बघायला मिळायचा नाही! 'उत्तरपत्रिका ही गोपनीय बाब आहे' हे वाक्य मी स्वतः कितीदा ऐकवलंय. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसईच्या खटल्यात माहिती अधिकाराखाली उमेदवाराला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येईल असा निकाल दिला, तेव्हा स्टाफरूममध्ये सुतकी शांतता होती. आम्हाला भीती होती ती आमच्या बेरजा उघड्या पडण्याची. गणितवाल्यांच्या सुद्धा.

खिडकीतली_बाई :

मी एका जुन्या संस्थेच्या ऑफिसात एकवीस वर्षं आहे. शाळा आणि कॉलेज एकाच आवारात, रेकॉर्ड रूम एकच. पिंपळपान दादा, तुमच्यासारखे वडील आमच्याकडे रोज येतात आणि आम्ही सांगतो. हजेरी किती, फी भरली का, सगळं. त्यात आम्हाला कधी वावगं वाटलं नाही. प्रश्न वडिलांचा नसतो, बाकीच्यांचा असतो.

लग्नसराईच्या आधी फोन सुरू होतात. "तुमच्याकडे अमुक आडनावाची मुलगी बी.कॉम.ला होती ना? पास झाली का? एकदाच बसली की राहिली होती मध्ये? जन्मतारीख काय लागलीय दाखल्यावर?" पत्रिका जुळवायच्या आधी लोक जनरल रजिस्टर जुळवतात. आधीच्या एक बाई सांगायच्या सुद्धा, चांगल्या मनाने. "हो हो, हुशार होती हो." एकदा एक गृहस्थ 'मामा' म्हणून आले आणि मुलीच्या प्रॅक्टिकलची बॅच नि सुटायची वेळ घेऊन गेले. तो मामा नव्हता. दोन दिवसांनी मुलगी रडत आली, मागून तिचे वडील. पुढचं लिहीत नाही. त्यानंतर साहेबांनी एक कागद टाईप करून खिडकीला चिकटवला, 'विद्यार्थ्याची माहिती स्वतः विद्यार्थी वा पालक यांनाच ओळखपत्र पाहून मिळेल'. आमचं गोपनीयता धोरण म्हणजे तो कागद. उन्हाने पिवळा झालाय, पण आहे.

पण उलटंही असतं. जात पडताळणीचे दिवस आले की माणसं आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी शोधत येतात. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० आधीचा पुरावा लागतो, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. ज्याची नोंद तो माणूस हयात नाही. मागतोय तो चुलत भावाचा नातू. द्यायची की नाही? खिडकीवरचा कागद म्हणतो नाही. समोरच्या पोराची मेडिकलची सीट जातेय. मी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र बघते, अर्ज लिहून घेते आणि प्रवेश-निर्गम उतारा देते. चुकत असेन तर चुकत असेन. एका आजोबांचं नाव सापडलं तेव्हा शेरा होता, 'फी न भरल्याने नाव कमी केले'. नातवाने त्या ओळीवरून बोट फिरवलं. झेरॉक्स काढताना माझाच हात थांबला होता.

लटकलेला_इंजिनियर :

पार्किंगपर्यंत जाण्याआधी जीटीबद्दल (ग्लास ट्रेसिंग) कुणीतरी लिहायला हवं. ज्यांनी पुण्यात इंजिनिअरिंग केलं नाही त्यांच्यासाठी : काचेखाली बल्ब, काचेवर मित्राची ड्रॉइंग शीट, तिच्यावर आपली कोरी. झालं इंजिनिअरिंग ड्रॉइंग. जर्नल म्हणजे तर छापायचीच वस्तू. सबमिशनच्या आदल्या रात्री अख्ख्या मजल्यावर एकच मूळ प्रत फिरायची, मूळ मालकाच्या स्पेलिंगच्या चुकांसकट. आम्हाला कुणी चोर म्हटलं असतं तर खरंच कळलं नसतं की का.

हीच सवय घेऊन मी एम.एस.ला गेलो. दुसऱ्याच महिन्यात रूममेटने रात्री दोनला कोड मागितला, मी दिला. नाही म्हणणं म्हणजे शत्रुत्व! त्याने व्हेरिएबलची नावं बदलली, कॉमेंट्स बदलल्या. प्राध्यापकांनी सगळ्यांचे कोड 'मॉस' या नक्कल पकडणाऱ्या प्रोग्राममधून काढले. तो १९९४ पासून आहे. तो नावं बघतच नाही, कोडची ठेवण बघतो. दोघांनाही बोलावणं. मी म्हटलं, मी तर स्वतः लिहिलाय. समितीतल्या बाई शांतपणे म्हणाल्या, देणं आणि घेणं आमच्याकडे एकच कलम आहे. असाइनमेंटला शून्य, फाइलला पत्र. त्या सेमिस्टरभर व्हिसा जाईल या भीतीने झोप नव्हती. घरी? अर्थातच सांगितलं नाही. पिंपळपान काका, त्या दिवसांत माझ्या बाबांची मेल माझ्या युनिव्हर्सिटीला गेली असती आणि तिथल्या कुणी उत्तर दिलं असतं, तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. तुमच्या मुलाचं तसंच असेल असं म्हणत नाही हं.

अर्धीभाकरी :

वरच्यांना +१. माझा शिफारसपत्राचा किस्सा. 'फेर्पा'नुसार तिकडे प्रवेश मिळाल्यावर आपली शिफारसपत्रं बघता येतात, म्हणून अर्जातच विचारतात की हा हक्क सोडता का. सगळे सोडतात, कारण हक्क सोडला की पत्राचं वजन वाढतं म्हणे. मीही 'पत्र कधीही पाहणार नाही' वर टिक केली. आणि ते पत्र मीच लिहिलं होतं. सर म्हणाले होते, "तूच लिहून आण, मी सही करतो. जास्त कौतुक करू नकोस, संशय येतो."

ओवी_शोधते :

मी मराठीत पीएच.डी. करतेय. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) वाङ्मयचौर्याबद्दलचे २०१८ चे नियम सगळ्यांना पाठ असतात : साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्या, ४० ते ६० मध्ये वर्षभर सादर करायला बंदी, त्यापुढे नोंदणीच रद्द. माझ्या एका ज्येष्ठ सहाध्यायाचा प्रबंध शून्य टक्के आला. शून्य! विभागात पेढे. मग कळलं की टंकलेखकाने सगळं युनिकोडऐवजी श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये केलं होतं, आणि सॉफ्टवेअरला त्यात निव्वळ रोमन अक्षरांचा कचरा दिसत होता. असा कचरा जगात कुणीच लिहिला नसल्याने साम्य शून्य. मी प्रामाणिकपणे युनिकोडमध्ये दिला तर तुकोबांच्या अभंगांमुळे लाल. नियमात अवतरणं वगळायची तरतूद आहे, योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दही सोडतात. पण चौदा शब्दांत अभंग कुठला बसतो? प्रत्येक अभंगाला अवतरणचिन्हं लावत बसले. तीन रात्री.

कागदवेडा :

थोडक्यात लिहितो. खाजगी कॉलेज सोडताना फीचा वाद झाला आणि त्यांनी मूळ गुणपत्रिका, दाखला सगळं दाबून ठेवलं. मूळ कागद पडताळून लगेच परत द्यायचे, ठेवून घ्यायचे नाहीत, असं यूजीसीचं पत्रक होतं. प्रिंट घेऊन गेलो. प्राचार्यांनी वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. सात महिने लागले.

क्लच_वायर :

आता पार्किंग. आमच्या ज्युनियर कॉलेजचा नियम : लायसन नसेल तर गाडी आत नाही. अकरावीत लायसन कुणाकडे? सोळाव्या वर्षी मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीचं, आणि असली गाडी आता बाजारात शोधून दाखवा. पोरं चालवतात ११० सीसीची. मग गाड्या शेजारच्या गल्लीत, आणि वॉचमनकाका गेटवर समाधानी, आत एकही बेकायदा गाडी नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलगा सापडला तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. हे आमच्या बाबांना कळलं त्या दिवसापासून मी पीएमटीच्या बसने. (पीएमपीएमएल म्हणा हवं तर.)

गल्ली_नं_चार :

क्लच_वायर, त्या 'शेजारच्या गल्लीत' मी राहतो. सकाळी साडेसातला माझ्या फाटकासमोर चाळीस स्कूटर असतात. एकदा वडिलांना छातीत दुखायला लागलं, गाडी बाहेर काढायला अकरा स्कूटर उचलून बाजूला ठेवल्या. वडील ठीक आहेत. कॉलेजला पत्र दिलं तर उत्तर आलं, "आवाराबाहेरील वाहनांशी संस्थेचा संबंध नाही." तुमची मुलं, तुमची वेळ, तुमची घंटा, आणि संबंध नाही!

क्लच_वायर :

काका, सॉरी. खरंच. पांढरी अॅक्टिव्हा माझी असायची बहुतेक.

बर्फातली_मावशी :

न्यू जर्सीहून. इकडे पार्किंगचा पास म्हणजे जागा नव्हे. जागा शोधायची परवानगी. पोरं त्याला शिकारीचं लायसन म्हणतात. बर्कलीत नोबेल मिळालेल्या प्राध्यापकांना राखीव जागा देतात, तेव्हा काय ते समजा. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे एक जुने अध्यक्ष क्लार्क केर तर गमतीने म्हणायचे, की विद्यापीठातल्या प्राध्यापकांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे पार्किंगची तक्रार.

पिंपळपान भाऊजी, एक पुस्ती. मूल अमेरिकेच्या करात आईवडिलांवर अवलंबून दाखवलेलं असेल तर कॉलेज त्यांना माहिती देऊ शकतं. 'शकतं', द्यायलाच हवी असं नाही. माझ्या मुलीच्या कॉलेजने नाहीच दिली. तुम्ही तर इकडे कर भरत नाही, म्हणजे तोही मार्ग बंद. मुलाला रविवारी फोन करा आणि मार्क सोडून बोला. माझ्या मुलीने तिसऱ्या रविवारी आपणहून सांगितलं.

पिंपळपान :

सगळ्यांचे आभार. लटकलेला_इंजिनियर, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, नंतर तिनेच त्याला फोन लावला. मी आतल्या खोलीत बसलो.

काल चिरंजीवांनी संमतीचा फॉर्म भरला. त्यात पालकांना काय काय दिसावं त्याच्या चौकटी असतात, विद्यार्थ्याने खूण करायची. फीचं खातं : खूण आहे. पार्किंगचे दंड : खूण आहे, दोन बाकी आहेत असं दिसतंय, त्याच्याकडे गाडी आहे हे आम्हाला त्यावरूनच कळलं. मार्क : चौकट रिकामी.