‘शिमाबोरू’ला मराठीत काय म्हणाल?

रानवाट : मुलीला सध्या ‘वुक’ दाखवतोय. दारगाय अत्तिला यांचा १९८१चा हंगेरियन अ‍ॅनिमेशनपट, फेकेते इश्तवान यांच्या गोष्टीवरचा. (तिकडे आडनाव आधी.) कोल्ह्याचं पिल्लू बिळातून भटकत बाहेर पडतं, इकडे शिकारी सगळं घर संपवतो, मग काराककाका त्याला वाढवतो. तिला सबटायटलं वाचता येत नाहीत, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत जातो. एकच शब्द अडतो. प्राणी माणसाला ‘शिमाबोरू’ म्हणतात. माझं ‘गुळगुळीत कातडीवाला’ म्हणून होईस्तोवर गोळी सुटलेली असते. आटोपशीर काही सुचवा.

सुपारीफुटी : तुळतुळ्या!

दुनाकाठ : बुडापेश्तला काही वर्षं काढल्येत, म्हणून फोड करून सांगतो. ‘शिमा’ म्हणजे गुळगुळीत, ‘बोर’ म्हणजे कातडी, शेवटचा ‘ऊ’ म्हणजे ‘तसं असलेला’. उच्चार देवनागरीत नीट बसत नाही. ओठांचा चंबू करून ‘ई’ म्हणा, तो त्यांचा ‘ऊ’. तसाच चंबू करून ‘ए’ म्हणा, तो ‘बोर’मधला ‘ओ’. बोर अंगावरच्या कातडीलाही चालतो आणि बुटाच्या चामड्यालाही. म्हणून ‘त्वचा’ नको. त्वचा डॉक्टरकडे गेल्यावर असते, एरवी कातडीच.

त्या ‘ऊ’चं काम आपला ‘या’ करतो : घाऱ्या, नकट्या, टकल्या. फक्त आपला ‘या’ चिडवतो. त्यांचा ऊ चिडवतोच असं नाही, निळ्या डोळ्यांची मुलगी सांगतानाही तोच लागतो.

कोरडवाहू : तिथंच तुळतुळ्या पडतो. पोरं पहिल्या मिनिटाला हसतील. हा माणूस आधी भीती वाटावा असा हवा, हसू नंतर, वुक त्याची कोंबड्या-बदकं पळवायला लागला की. बोडक्या कसं वाटतं?

माजघर : बोडका डोंगर ठीक आहे हो, पण ‘बोडकी’ म्हटलं की आमच्या पणजीच्या वेळच्या बायका डोळ्यांपुढे येतात. मुलांच्या गोष्टीत नको.

कोरडवाहू : खरंय. मागे घेतो.

मला वाटतं हा शब्द वर्णनाचा नाहीच, नाव टाळण्याचा आहे. आमच्याकडे शेतात साप दिसला तर म्हातारी माणसं ‘जनावर निघालं’ म्हणायची. चावला तर ‘पान लागलं’. नाव घेतलं तर येईल ही धास्ती. रानातल्यांसाठी माणूस म्हणजे तेच जनावर.

दुनाकाठ : वा! हंगेरियनमध्ये हे मुरलेलंच आहे. लांडगा म्हणजे ‘फारकाश’, अर्थ ‘शेपटीवाला’. हरीण ‘सारवाश’, म्हणजे शिंगवालं. जुन्या शिकाऱ्यांनी खरी नावं तोंडातून काढली नाहीत, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. इथे कोल्ह्यांनी तोच डाव माणसावर उलटवलाय.

सुपारीफुटी : आणि ‘वुक’ म्हणजे काय?

दुनाकाठ : शेजारच्या सर्बियनमध्ये लांडगा! संस्कृत ‘वृक’ त्याच मुळातला, आपला वृकोदर भीम आठवा. जर्मन ‘वोल्फ’ही तिथलाच. गंमत म्हणजे चित्रपटाच्या संगीतकाराचं आडनाव वोल्फ आहे. पिल्लाचं नाव सर्बियनवरूनच ठेवलं असा दावा मात्र मी करत नाही, ध्वनिसाम्य तेवढं दाखवतोय.

खुरटं : विषयांतर, पण वुक ‘कोल्हा’ नाही. कोल्हा थोराड, कळपानं हुकी देणारा. झुपकेदार शेपटीचं ते खोकड.

रानवाट : बरोबर आहे, पण इसापाच्या द्राक्षांपासून गोष्टीतला कोल्हाच ठरून गेलाय. खोकड म्हटलं तर मुलीला खोकला आठवतो.

माजघर : दुपारी कडवे वाल सोलत बसले होते, मनात हाच धागा. ‘सोलीव’ कसं वाटतं? अंगभर केस असलेल्या प्राण्याला आपण सोललेलेच दिसत असणार. शिवाय कोल्ह्याची कातडी सोलणारा तोच. सामान्यरूपही अडत नाही : सोलीवानं बंदूक उचलली, सोलीवाची कुत्री सुटली.

कोरडवाहू : हा!! ‘सोलीवाची कुत्री’ वाचून अंगावर काटा आला.

सुपारीफुटी : तुळतुळ्या माघार घेतो.

रानवाट : माजघरताई, काल लावून पाहिला. ‘सोलीव आला’ म्हटल्याबरोबर पोरगी माझ्या दंडाला चिकटली. आज सकाळी दाढी करून बाहेर आलो, तर दारामागून ओरडली, ‘आई, पळ, सोलीव!’