मनगटातून की जांघेतून? स्टेंट बसवण्याच्या मार्गाविषयीचे अनुभव

धागाकर्ता

माझ्या धाकट्या भावाला अँजिओप्लास्टी (हृदयाची अरुंद झालेली धमनी फुग्याने उघडून तेथे स्टेंट ही जाळीदार नळी बसवणे) सांगितली, तेव्हा स्टेंट कोणता, खर्च किती, विश्रांती किती दिवस यांवर घरात भरपूर चर्चा झाली. परंतु कॅथेटर, म्हणजे हृदयापर्यंत नेण्याची बारीक लवचिक नळी, शरीरात कुठून घालणार, हा प्रश्न संमतीपत्रावर सही होईपर्यंत कोणाच्याही मनात आला नाही. वास्तविक रुग्णाच्या लक्षात राहते ती मुख्यतः हीच जागा. फुगा फुगवताना छातीत थोडा वेळ भरून येते, एवढे सोडले तर हृदयाच्या धमनीत काय चालले आहे हे त्याला फारसे कळत नाही. मनगट किंवा जांघ मात्र पुढचे काही दिवस त्याला जाणवत राहते. मनगट चांगले की जांघ, असा कौल घेण्याचा हेतू नाही. कोणत्या परिस्थितीत कोणता मार्ग निवडला गेला, तेथे काय जाणवले आणि नंतर कशाकडे लक्ष द्यावे लागले, हे रुग्णांनी, नातेवाइकांनी आणि या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

मनगटातून स्टेंट बसवलेला एक रुग्ण

माझा उजवा हात तळवा वर करून एका फळीवर ठेवला होता आणि मनगटाखाली छोटी गुंडाळी देऊन ते किंचित मागे वाकवले होते. जागा बधिर करण्याच्या सुईचा चटका बसला, तोच काय तो टोचण्याचा त्रास. त्यानंतर शीथमधून (कॅथेटर आत-बाहेर करण्यासाठी धमनीत बसवलेल्या आखूड नळीतून) धमनी सैल ठेवण्याचे औषध सोडले, तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत आग झाल्यासारखे वाटले. हे होणार असल्याची कल्पना तंत्रज्ञाने आधीच दिली होती, म्हणून मी घाबरलो नाही. पुढे एकदा कॅथेटर बदलताना हात आतून आवळला गेल्याची तीव्र भावना झाली. डॉक्टरांनी काम थांबवले, धमनी आकसली असल्याचे सांगितले, पुन्हा औषध दिले, वेदनेसाठी शिरेतून आणखी एक इंजेक्शन दिले आणि हात सैल पडल्यावरच पुढे गेले. अशा वेळी दुखणे सहन करत गप्प राहू नये, असे मी आवर्जून सांगेन. आकसलेल्या धमनीतून कॅथेटर ओढले तर तिला इजा होऊ शकते, त्यामुळे रुग्णाने वेळीच सांगणे हीसुद्धा मदतच असते.

काम संपल्यावर मनगटावर पारदर्शक पट्टा बांधला आणि मी थोड्याच वेळात उठून बसलो, स्वतःच्या पायांनी स्वच्छतागृहात गेलो. मला पाठीचे जुने दुखणे आहे, त्यामुळे या मोकळेपणाचे मोल माझ्यासाठी फार मोठे होते. पुढचे काही दिवस त्या हाताने जड वस्तू उचलायची नव्हती आणि उठताना त्या हातावर भार द्यायचा नव्हता. दुसरी सूचना पाळणे अधिक कठीण गेले, कारण खुर्चीतून उठताना हात आपोआप टेकला जातो.

दोन्ही मार्गांचा अनुभव असलेली एक रुग्ण

माझी पहिली अँजिओप्लास्टी बऱ्याच वर्षांपूर्वी जांघेतून झाली. दुसऱ्या वेळी मनगटातून सुरुवात केली, पण खांद्याजवळची रक्तवाहिनी इतकी वळणावळणाची निघाली की कॅथेटर हवे तसे वळेना, तेव्हा डॉक्टरांनी मला सांगून जांघेचा मार्ग घेतला. दोन्ही जागा आधीच निर्जंतुक करून, वर कापड अंथरून तयार ठेवलेल्या होत्या, त्यामुळे त्या बदलात धावपळ झाली नाही. मार्ग बदलावा लागला म्हणजे काहीतरी बिघडले, असे रुग्णाने समजू नये.

जांघेतून शीथ काढणे हा खरा जिकिरीचा भाग असतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपारिनचा परिणाम ओसरेपर्यंत शीथ काही तास तशीच ठेवली होती. मग निवासी डॉक्टरांनी ती काढून बोटांनी सलग पंधरा-वीस मिनिटे दाब दिला. तो दाब चांगलाच दुखतो. त्यानंतर काही तास पाय सरळ, मान उशीवर, आणि खोकला किंवा शिंक आल्यास जांघेवर हात दाबून धरायचा. पडल्या पडल्या लघवी करणे मला जमेना आणि त्याचा त्रास जखमेपेक्षा अधिक झाला. यावेळी शीथची जागा आतून बंद करणारे साधन वापरले नव्हते. ज्यांच्या बाबतीत ते वापरले जाते, त्यांना लवकर उठता येते असे ऐकते. मांडीवर मोठा काळानिळा डाग पडला आणि तो हळूहळू पिवळा होत गेला. डाग पसरणे आणि कडक, धडधडणारी गाठ येणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे सिस्टरनी मला बोट लावून दाखवले. गाठ आल्यास सोनोग्राफी करावी लागते, कारण ती धमनीतून झिरपलेल्या रक्ताची पोकळी असू शकते.

हृदयरोग विभागातील परिचारिका

मनगटाच्या पट्ट्याबद्दल थोडे लिहिते, कारण नातेवाईक त्याला साधे ड्रेसिंग समजतात. त्यात हवेचा छोटा फुगा असतो आणि तो बरोबर छिद्रावर बसवावा लागतो. आम्ही सिरिंजने थोडी थोडी हवा काढत जातो. रक्ताचा थेंब दिसला की किंचित हवा परत भरतो आणि तेथेच थांबतो. रक्त थांबावे, पण धमनीतला प्रवाह बंद पडू नये, एवढाच दाब हवा असतो. प्रवाह सुरू आहे की नाही हे पाहण्यासाठी अंगठ्याला ऑक्सिजन मोजण्याची क्लिप लावून करंगळीच्या बाजूची धमनी दाबून धरतो. पडद्यावर लहरी दिसत राहिल्या, तर अंगठ्याच्या बाजूची धमनी उघडी आहे असे समजते. पट्टा करकचून आवळून ठेवला आणि कोणी त्याकडे फिरकलेच नाही, तर रक्तस्राव होत नाही, परंतु धमनी कायमची बंद होण्याची शक्यता वाढते. म्हणून हात निळसर दिसला, बोटे बधिर झाली किंवा फार ठणकू लागली, तर बेल दाबून बोलवावे. पट्टा स्वतः सैल करू नये.

नाडी न लागलेला रुग्ण

माझ्या बाबतीत तेच झाले. फेरतपासणीत उजव्या मनगटाची नाडी लागली नाही आणि डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) धमनी बंद असल्याचे दिसले. हाताला दोन धमन्यांतून रक्त मिळते, त्यामुळे मला कोणताही त्रास जाणवला नव्हता आणि आजही नाही. फक्त पुढच्या वेळी हे मनगट वापरता येणार नाही, अशी नोंद डॉक्टरांनी केली.

एका रुग्णाचा मुलगा

वडिलांची अँजिओप्लास्टी जांघेतून झाली. जागेवर रक्त नव्हते, गाठ नव्हती, ड्रेसिंग कोरडे होते. रात्री त्यांनी कमरेच्या एका बाजूला दुखत असल्याचे सांगितले, अंगाला घाम सुटला आणि रक्तदाब उतरू लागला. आम्हाला ते सतत उताणे पडून राहिल्याचे दुखणे वाटले, पण ड्यूटीवरच्या सिस्टरनी लगेच डॉक्टरांना बोलावले. सीटी स्कॅनमध्ये पोटाच्या मागच्या पोकळीत रक्तस्राव दिसला. सुई जांघेच्या सांध्याच्या फार वर लागली, तर असे घडू शकते आणि बाहेरून काहीही दिसत नाही, हे आम्हाला तेव्हा समजावून सांगितले. रक्त द्यावे लागले, शस्त्रक्रिया टळली, वडील आता चांगले आहेत. जांघेतून प्रक्रिया झालेल्या रुग्णाजवळ जो कोणी रात्री थांबणार असेल, त्याने हे एक लक्षण मनात पक्के ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

धागाकर्ता

हा अनुभव वाचून मन हेलावले. अशी गुंतागुंत जांघेच्या मार्गात होऊ शकते, तर तो मार्ग आजही का वापरला जातो, याविषयी एखाद्या डॉक्टरांनी लिहावे.

हृदयरोगतज्ज्ञ

प्रश्न रास्त आहे. १९७७ मध्ये आंद्रेआस ग्रुन्झिग यांनी झुरिकमध्ये जागृत रुग्णावर पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी केली, ती जांघेतून. मनगटातून अँजिओग्राफी करण्याचा अनुभव कॅनडातील ल्युसिएन कॅम्पो यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढच्या काही वर्षांत फर्डिनांड किमेने यांनी ॲमस्टरडॅममध्ये याच मार्गाने स्टेंट बसवले. या दोन मार्गांची तुलना करणाऱ्या २०११ च्या ‘रायव्हल’ चाचणीत ७,०२१ रुग्ण होते. त्यात मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि मोठा रक्तस्राव यांच्या एकत्रित प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही, पण सुईच्या जागेवरील रक्तवाहिनीची मोठी गुंतागुंत मनगटाच्या गटात १.४ टक्के, तर जांघेच्या गटात ३.७ टक्के होती. मनगटाकडून दुसऱ्या मार्गाकडे वळावे लागण्याचे प्रमाण मात्र ७.६ टक्के, उलट बाजूने ते २ टक्के होते. २०१५ च्या ‘मॅट्रिक्स’ चाचणीत ८,४०४ रुग्णांमध्ये तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाणही मनगटाच्या गटात कमी, म्हणजे २.२ ऐवजी १.६ टक्के, दिसले. झटका आलेल्या रुग्णाला रक्त पातळ करणारी औषधे एकाच वेळी अनेक द्यावी लागतात. अशा वेळी मनगटाची धमनी हाडावर सहज दाबता येते, जांघेची खोल असते, यातच बराचसा फरक दडलेला आहे.

म्हणून मीही प्रथम मनगटच निवडतो. परंतु त्या धमनीची रुंदी साधारण दोन ते तीन मिलिमीटर असते. मोठ्या व्यासाची साधने लागणारे गुंतागुंतीचे ब्लॉकेज, किंवा कोसळत्या रक्तदाबाला आधार देणारा पंप बसवणे, ही कामे तेथून सहसा होत नाहीत. वयस्कर, लहान चणीच्या स्त्रियांमध्ये धमनी बारीक असते आणि लवकर आकसते. दुसरीकडे जांघेतून रक्तस्राव होण्याचा धोकाही त्यांनाच अधिक असतो, त्यामुळे या रुग्णांमध्ये निर्णय सर्वांत काळजीपूर्वक घ्यावा लागतो. सोनोग्राफीवर पाहत सुई घातली, तर दोन्ही मार्गांत पहिल्या प्रयत्नात यश मिळण्याची शक्यता वाढते. माझी खरी चिंता वेगळी आहे: सगळीच कामे मनगटातून करू लागल्यावर तरुण डॉक्टरांचा जांघेचा सराव कमी होतो, आणि तेथून जाण्याची वेळ येते ती नेमकी सर्वांत अत्यवस्थ रुग्णात. तो सराव मुद्दाम टिकवावा लागतो.

मूत्रपिंडाच्या रुग्णाची मुलगी

आईचे क्रिएटिनिन वाढलेले आहे आणि पुढे डायलिसिस लागण्याची शक्यता सांगितली आहे. हृदयाच्या डॉक्टरांनी मनगटाची तयारी केली होती. मी मूत्रपिंडाच्या डॉक्टरांचे पत्र त्यांना दाखवले. डायलिसिससाठी लागणारा फिस्टुला हाताचीच धमनी आणि शीर एकमेकींना जोडून करतात, त्यामुळे हाताची धमनी राखून ठेवणे आईसाठी महत्त्वाचे होते. दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलले आणि सोनोग्राफीच्या आधाराने जांघेतून प्रक्रिया करण्याचे ठरले. हाताच्या शिरेतही सलाइनची सुई शक्यतो मनगटाच्या वर लावू नये, तळहाताच्या मागच्या बाजूस लावावी, असे त्यांनी केसपेपरवर लिहून दिले. बायपास झालेल्या किंवा होऊ घातलेल्या रुग्णांनीही आधी विचारावे, कारण हाताची धमनी कधी कधी बायपाससाठी वापरली जाते, आणि छातीच्या डाव्या बाजूची धमनी जोडलेली असेल तर ती तपासायला डावे मनगट सोयीचे पडते, असे त्याच वेळी आम्हाला कळले.