तुमच्या घरातल्या जुन्या कॅसेटचं काय झालं?

काल माळा आवरताना माझ्या मुंजीची व्हीएचएस कॅसेट सापडली, 1991 ची. लावायची कशात? व्हीसीआर कधीच भंगारात गेला, आणि नवा मिळायचा नाही, शेवटपर्यंत टिकलेल्या जपानच्या फुनाई कंपनीनेही 2016 ला बनवणं थांबवलं. व्हीएचएस, व्हीसीडी, हँडीकॅम, तुमच्याकडे जे होतं त्याचे अनुभव लिहा.

---

कॅसेटच्या कडेला एक प्लास्टिकची छोटी पट्टी असते बघा, ती तोडली की वरून रेकॉर्ड होत नाही. बाबांनी ताईच्या लग्नाच्या कॅसेटची आठवणीने तोडलेली. 96 च्या वर्ल्डकपला भारत-पाकिस्तान मॅचच्या दिवशी घरात कोरी कॅसेट नव्हती, म्हणून मी त्या खाचेवर सेलोटेप लावला आणि हीच लग्नाची आहे हे बघितलंच नाही. आता सप्तपदी चालू असते आणि मधेच अजय जडेजा पाकिस्तानच्या वकार युनूसला मारताना दिसतो. जो भाग पुसला गेला त्यातल्या पंगतीत आजोबा होते, त्यांचं दुसरं शूटिंग कुठेच नाही. अजून वाईट वाटतं.

---

मावशीने न्यू जर्सीहून बारशाची कॅसेट पाठवलेली. तिकडची व्हिडिओची पद्धत एनटीएससी, आपल्याकडे पाल, दोन्ही जुळत नाहीत, त्यामुळे चित्र सारखं वर सरकायचं, आवाज मात्र स्वच्छ. आजी डोळे मिटून पाळणा ऐकत बसायची.

---

आम्ही मालवणचे. पावसाळ्यात रिळावर पांढरी बुरशी येते, खिडकीतून दिसते ती. अशी कॅसेट प्लीज तशीच लावू नका, बुरशी व्हीसीआरच्या हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागते आणि मग पुढची चांगली कॅसेटही खराब होते. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या.

---

आम्ही 2002 मध्ये लग्नाची व्हीसीडी करून घेतली आणि कॅसेट टाकून दिली. हे कुणी करू नका!! व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288 पिक्सेल एवढंच, आताच्या टीव्हीवर चेहरे नुसते चौकोन चौकोन दिसतात, त्यात वरचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटला आणि दुसरी डिस्क, म्हणजे पाठवणी, गेलीच.

---

मिनीडीव्हीवाल्यांनो (छोट्या डिजिटल टेपचा हँडीकॅम), कॅमेरा विकू नका. फायरवायर केबलने टेप कॉम्प्युटरवर कॉपी करता येते, तासाच्या टेपला तासच लागतो आणि साधारण 13 जीबी जागा. मी लेकीची पहिली पावलं अशीच वाचवली.

---

धागाकर्ता: वाचून आधी कॅसेटची कड तपासली. पट्टी तोडलेली आहे, बुरशी दिसत नाही. चुलतमामाकडे एक चालू व्हीसीआर आहे म्हणे, रविवारी जातोय.